पावसाने खाल्लेला सिग्नल

आमच्या वाईला जुलैचा पाऊस लागला की घरोघरच्या टीव्हीवर एकच पाटी झळकते : सिग्नल नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी मी डिश बसवून देणाऱ्या मुलाला फोन केला. तो हसून म्हणाला, "काका, पावसानं सिग्नल खाल्लाय. उघडीप झाली की येईल आपोआप." उघडीप झाली आणि चित्र परत आले. पण त्याचा 'खाल्लाय' हा शब्द काही माझ्या डोक्यातून जाईना. छत्तीस हजार किलोमीटरची वाट बिनबोभाट तुडवून आलेली लहर शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये खाल्ली जाते, म्हणजे नेमके काय होते? आणि जे खाल्ले गेले, त्याचे पुढे काय होते?

भौतिकशास्त्र मी महाविद्यालयात शिकलेलो नाही. मराठी विश्वकोशाचे खंड, जुनी पाठ्यपुस्तके आणि पुढे मूळ शोधनिबंध यांच्या आधाराने जमेल तसे शिकत गेलो. या एका प्रश्नाचा माग काढताना मला दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी की, हवा लहरी ज्या प्रमाणात खाते त्याच प्रमाणात ती स्वतःही लहरी बाहेर टाकत असते. त्यामुळे 'खाणे' मोजायला दरवेळी प्रक्षेपक लागतोच असे नाही, आकाशाकडे कान लावला तरी पुरते. दुसरी गोष्ट मी माझ्या गच्चीवर चूक करून शिकलो. हवा मोजायची असेल तर आधी आपले उपकरण मोजावे लागते. या दोन्ही गोष्टींचा आज आपल्या पावसाच्या अंदाजांशी थेट संबंध आहे, म्हणून हा लेख.

भिंती आणि खिडक्या

रेडिओ लहरींचे गोत मोठे आहे. आकाशवाणीच्या मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर, एफएमची सुमारे तीन मीटर. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ असलेली जीएमआरटी ही महादुर्बीण मुख्यतः मीटर आणि त्याच्या आसपासच्या लांबीच्या लहरी टिपते. आपल्या डीटीएचची लहर सुमारे अडीच सेंटिमीटरची, म्हणजे ११-१२ गिगाहर्ट्झची. दहा मिलिमीटरपासून एक मिलिमीटरपर्यंतच्या, म्हणजे ३० ते ३०० गिगाहर्ट्झच्या लहरींना मिलिमीटर लहरी म्हणतात. वातावरणाचा अभ्यास करणारे २० गिगाहर्ट्झच्या पुढच्या लहरीही याच पंगतीला बसवतात. मीही इथे तेच करणार आहे.

लांब लहरींना हवा जवळपास नसल्यासारखीच असते. लहर सेंटिमीटरच्या खाली आली की मात्र हवेचे रेणू तिच्याशी व्यवहार करू लागतात. हा व्यवहार डेसिबलमध्ये मोजतात. तीन डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी झाली, दहा डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा उरला, वीस डेसिबल म्हणजे शंभरावा.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण या लहरींच्या बाबतीत तो अगदी निरुपद्रवी. खरी खादाड मंडळी दोन : ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ. ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन जोडीविना असतात, त्यामुळे तो रेणू म्हणजे एक चिमुकला चुंबक असतो. द्रवरूप ऑक्सिजन लोहचुंबकाच्या टोकांमध्ये अडकून राहतो तो याच कारणाने. हा चिमुकला चुंबक ६० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या अनेक ठरावीक वारंवारतांना लहरीतली ऊर्जा उचलतो. उंचावरच्या विरळ हवेत या वारंवारता सुट्या सुट्या रेषांसारख्या दिसतात. जमिनीलगत रेणूंची टक्काटक्की इतकी असते, की त्या रेषा पसरून एकमेकींत मिसळतात आणि त्यांचा एकच रुंद डोंगर होतो. त्या डोंगराच्या माथ्यावर समुद्रसपाटीला दर किलोमीटरला सुमारे १५ डेसिबल घट होते. म्हणजे एका किलोमीटरनंतर लहरीची शक्ती तीन टक्क्यांच्या आसपास उरते आणि दुसऱ्या किलोमीटरनंतर एका सहस्रांशापर्यंत खाली येते. कोरड्या, निरभ्र, स्वच्छ हवेत ही अवस्था! डोळ्यांना पलीकडचा डोंगर लख्ख दिसत असतो आणि पाच मिलिमीटरच्या लहरीला मात्र समोर भिंत असते.

पाण्याच्या रेणूची गोष्ट वेगळी. त्याच्या एका बाजूला थोडा ऋण, दुसऱ्या बाजूला थोडा धन विद्युतभार असतो. लहरीच्या विद्युत क्षेत्रात तो फिरकीसारखा फिरतो आणि तिची ऊर्जा घेतो. त्याची एक हलकी रेषा २२.२३५ गिगाहर्ट्झला आहे आणि एक फार जोरकस रेषा १८३.३१ गिगाहर्ट्झला. या भिंतींच्या मधल्या जागा म्हणजे खिडक्या. ३५ आणि ९४ गिगाहर्ट्झच्या खिडक्या सर्वांत जास्त वापरात आहेत. ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे सारखे असल्याने त्याची भिंत हलत नाही. वाफेची भिंत मात्र ऋतूप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलते. मुंबईच्या मे महिन्यातली हवा आणि लडाखची हवा या लहरींच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत. खोडदची दुर्बीण द्राक्षाच्या बागांशेजारी उभी राहू शकते, पण मिलिमीटर लहरींची अल्मा ही दुर्बीण चिलीच्या अटाकामा वाळवंटात ५,००० मीटर उंचीवर न्यावी लागली, त्याचे कारण हेच.

कोलकात्याहून सुरू झालेला रस्ता

या लहरी पहिल्यांदा हाताळल्या गेल्या त्या आपल्याच देशात. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहरी निर्माण केल्या. त्यांना दिशा देणारे कर्णे, त्या टिपणारे स्फटिक, ध्रुवण तपासायची साधने असे सगळे त्यांनी हाताने घडवले. पाच मिलिमीटर म्हणजे बरोबर ६० गिगाहर्ट्झ, ऑक्सिजनच्या डोंगराचा माथा! बोसांना त्याचा पत्ता लागणे शक्य नव्हते. २५ मीटरच्या दालनात अशी लहर पाठवली तर ऑक्सिजनपायी होणारी घट जेमतेम सात-आठ टक्के असते, आणि तेव्हाच्या साधनांना ती दिसलीच नसती.

पण एक गोष्ट त्यांना सुचली होती. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सूर्याकडून येणाऱ्या विद्युतलहरींचा विषय काढला. त्या अजून कोणाला सापडल्या नव्हत्या. सूर्याचे किंवा पृथ्वीचे वातावरण त्या शोषून घेत असावे, अशी शंका त्यांनी मांडली. सूर्याचे रेडिओ प्रारण प्रत्यक्ष सापडायला १९४२ साल उजाडले. तोवरच्या अपयशाचे मोठे कारण साधनांची दुर्बलता हे होते. तरी बोसांच्या सर्वांत आखूड लहरीपुरती त्यांची शंका खरी होती. सूर्याकडून निघालेली पाच मिलिमीटरची लहर आपल्या हवेतून जमिनीपर्यंत पोचतच नाही.

हवेची भिंत खऱ्या अर्थाने आडवी आली ती दुसऱ्या महायुद्धात. लहर जितकी आखूड तितके रडारचे चित्र बारीक, म्हणून अमेरिकेत दहा सेंटिमीटरवरून तीनवर आणि तिथून सव्वा सेंटिमीटरवर मजल गेली. जॉन व्हॅन व्लेक या सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाने १९४२ मध्येच ऑक्सिजन आणि वाफ यांच्या शोषणाचे गणित मांडले होते. प्रत्यक्षात सव्वा सेंटिमीटरचे रडार दमट हवेत आखूड पडले, कारण त्याची वारंवारता वाफेच्या रेषेच्या अगदी शेजारी येत होती. या पट्ट्याला 'के' असे नाव होते. मधला भाग वाफेने निकामी केल्यावर उरलेल्या पट्ट्याचे दोन तुकडे मानले गेले. खालचा 'के-यू', वरचा 'के-ए'. आपला डीटीएच ज्या पट्ट्यात चालतो त्याचे नाव 'के-यू' आहे. त्या युद्धकाळातल्या फसगतीची आठवण आपल्या गच्चीवरच्या छत्रीच्या नावात अशी शिल्लक राहिली आहे.

खाणारा उजळतो

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खाल्लेल्या लहरीचे काय होते? तिची ऊर्जा रेणूंच्या धक्काबुक्कीत मिसळते, म्हणजे हवा अगदी नगण्य प्रमाणात तापते. पण गोष्ट तिथे संपत नाही. गुस्ताव किरखोफ यांनी १८५९ मध्ये मांडलेला नियम सांगतो की, जो पदार्थ ज्या वारंवारतेला चांगला शोषक असतो तो त्याच वारंवारतेला चांगला उत्सर्जकही असतो. म्हणजे ऑक्सिजन ६० गिगाहर्ट्झला नुसता खात नाही, तिथे तो सतत मंद उजळतही असतो. आपल्याला दिसत नाही एवढेच.

हिशेब सोपा आहे. समजा एखाद्या वारंवारतेला डोक्यावरची सगळी हवा मिळून लहरीचा दहावा भाग खाते. हवेचे सरासरी तापमान निरपेक्ष मापात २८० केल्विन धरू. मग ती हवा त्या वारंवारतेला २८० च्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे २८ केल्विन तापमानाच्या वस्तूसारखी उजळते. अर्धा भाग खात असेल तर १४० केल्विन. सगळेच खात असेल तर पूर्ण २८० केल्विन, म्हणजे आकाश भिंतीइतकेच उजळ. उलट बाजूने पाहिले तर, आकाशाची चमक मोजली की खाणे किती ते कळते. उपग्रह नको, प्रक्षेपक नको, परवाना नको.

हे मोजायचे साधन म्हणजे रेडिओमीटर. अडचण अशी की, ग्राहकयंत्र स्वतःही उबदार असते आणि त्याचा स्वतःचा गोंगाट आकाशाच्या कुजबुजीहून कितीतरी मोठा असतो. शिवाय तो दिवसभर कमीजास्त होत राहतो. युद्धकाळात एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या रॉबर्ट डिके यांनी यावर तोड काढली. त्यांनी यंत्राला सतत आलटून पालटून दोन गोष्टी दाखवल्या : एकदा आकाश, एकदा माहीत असलेल्या तापमानाची वस्तू. यंत्राचा गोंगाट दोन्हींत सारखाच, म्हणून वजाबाकीत तो निघून जातो. उरतो तो फक्त फरक. आपल्याकडे सराफ तराजूची पारडी आधी रिकामी बघतो, त्यातलाच हा प्रकार. डिके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडाच्या दमट हवेत १, १.२५ आणि १.५ सेंटिमीटरवर आकाश मोजले आणि वाफेची रेषा पकडली. हे काम १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी रॉबर्ट बेरिंजर यांनी अर्धा सेंटिमीटरची लहर ऑक्सिजनमधून पाठवून ऑक्सिजनचे शोषणही प्रयोगात दाखवले.

यंत्र शून्यावर आणण्याची आणखी एक युक्ती आहे. अँटेना सरळ वर धरली तर ती हवेचा एक थर पाहते. क्षितिजापासून ३० अंशांवर आणली तर तिरक्या वाटेने दोन थर. साडेएकोणीस अंशांवर तीन थर. मलमलीच्या घड्या एकावर एक ठेवत जाऊन प्रत्येक वेळी उजेड मोजावा तसेच हे आहे. एक, दोन, तीन थरांचे आकडे कागदावर मांडायचे आणि त्यांतून जाणारी रेघ मागे ओढून 'शून्य थर' असता तर किती आले असते ते वाचायचे. हवा वजा झाली, की जे उरते ते हवेच्या पलीकडचे किंवा आपल्या यंत्राचे.

या रेघेची ताकद किती आहे ते १९६५ मध्ये दिसले. अमेरिकेत आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन हे ४,०८० मेगाहर्ट्झवर आकाश मोजत होते. सरळ वर धरलेल्या अँटेनाला ६.७ केल्विन दिसत होते. अँटेना वाकवून त्यांनी हवेचा वाटा काढला, तो निघाला २.३ केल्विन. यंत्राचा आणि जमिनीचा वाटा सुमारे ०.९. सगळे वजा करूनही साडेतीन केल्विन उरले आणि ते सगळ्या दिशांना सारखे होते. ती विश्वाच्या जन्मकाळची ऊब होती. पुढे १९७८ मध्ये या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले. हवेचा आणि यंत्राचा हिशेब इतक्या चोखपणे ठेवला नसता, तर ते साडेतीन केल्विन कुठल्या तरी किरकोळ खर्चात खपून गेले असते.

पावसाचा मामला

पाऊस हा वाफेपेक्षा निराळा. वाफ म्हणजे सुटे रेणू. ते आपापल्या रेषांपाशीच खातात. पावसाचा थेंब एक-दोन मिलिमीटरचा, म्हणजे लहरीच्या मापाचाच. तो लहर शोषतो आणि इकडेतिकडे उधळूनही लावतो. त्याला रेषा नाहीत. वारंवारता वाढेल तशी घट वाढत जाते. तासाला ५० मिलिमीटर या वेगाने कोसळणारा पाऊस १२ गिगाहर्ट्झला दर किलोमीटरला सुमारे अडीच डेसिबल खातो, ३० गिगाहर्ट्झला सुमारे १० आणि ८० गिगाहर्ट्झला १९ च्या आसपास.

घरचा टीव्ही बंद पडतो तेव्हा दुहेरी मार असतो, हे मला बरेच उशिरा उमगले. समजा पावसाने तीन डेसिबल खाल्ले. उपग्रहाचा सिग्नल निम्मा झाला. पण किरखोफच्या नियमाप्रमाणे तो पाऊस आता स्वतःही सुमारे १४० केल्विनने उजळतो आहे, आणि ती चमक आपल्या छत्रीत गोंगाट म्हणून शिरते. चांगल्या ग्राहकाचा स्वतःचा गोंगाट शंभर केल्विनच्याही आतला असतो. म्हणजे सिग्नल निम्मा आणि गोंगाट दुपटीहून जास्त. डिशवाल्या मुलाचे म्हणणे बरोबरच होते, पण अर्धे. पाऊस सिग्नल खातो आणि वर स्वतःही बडबडतो.

मोठी घट मोजायला मात्र रेडिओमीटर चालत नाही, कारण आकाश एकदा २८० केल्विनच्या जवळ पोचले की नव्वद टक्के खाल्ले की नव्व्याण्णव, हे चमकेवरून ओळखता येत नाही. तिथे दुसरी पद्धत लागते. उपग्रहावरून एकसारखा स्थिर सूर सोडायचा आणि तो जमिनीवर किती उतरतो ते वर्षानुवर्षे नोंदवायचे. इस्रोने जानेवारी २०१४ मध्ये सोडलेल्या जीसॅट-१४ वर याच कामासाठी २०.२ आणि ३०.५ गिगाहर्ट्झचे असे दोन दीपस्वर होते. थंड प्रदेशांत केलेल्या मोजमापांवरून आपल्या मान्सूनचा अंदाज बांधता येत नाही. आपल्या पावसाचे आकडे आपल्यालाच गोळा करावे लागतात.

गच्चीवरची चूक

हे सगळे वाचल्यावर हात स्वस्थ बसेनात. भंगारात निघालेली एक डीटीएचची छत्री, तिचा एलएनबी आणि डिशवाले वापरतात तो काट्याचा सिग्नल फाइंडर एवढी सामग्री जमवली. लहर अडीच सेंटिमीटरची, मिलिमीटरची नव्हे. पण नियम तोच. प्रसारण उपग्रहांची रांग आपल्याला दक्षिणेच्या बाजूला असते, म्हणून छत्रीचे तोंड उत्तरेच्या मोकळ्या आकाशाकडे केले. काटा खाली गेला. पाण्याच्या टाकीच्या भिंतीकडे वळवले, काटा वर गेला. भिंत तीनशे केल्विन, आकाश गार. किरखोफ माझ्या गच्चीवर उतरला होता! त्या दिवशीचा आनंद मी विसरणार नाही.

मग मी चुकलो. पावसाळाभर रोज पर्जन्यमापकाचा आकडा आणि काट्याचा आकडा शेजारी शेजारी लिहीत गेलो. पाऊस आला की काटा वर, हे अपेक्षितच होते. पण पाऊस थांबल्यावरही अर्धा-पाऊण तास काटा वरच राहायचा. माझी समजूत झाली की, पावसानंतर हवेत राहिलेले ढग आणि दमटपणा मी मोजतो आहे. त्यावर चार पाने टिपण लिहिले, तक्ता काढला, एका परिचित प्राध्यापकांना दाखवायचेही ठरवले.

ऑगस्टच्या शेवटी एकदा पाऊस थांबल्यावर गच्चीवर गेलो. सहज खांद्यावरच्या पंचाने एलएनबीचे तोंड पुसले. काटा झटकन खाली आला. आकाश तेच, ढग तेच, दमटपणा तोच. मी दोन महिने एलएनबीच्या प्लास्टिकच्या टोपीवर चिकटलेले पाणी मोजत होतो. तेही पाणीच, ते खातही होते आणि उजळतही होते. पुढे वाचनात आले की, ओल्या अँटेनाचा हा दोष या क्षेत्रातल्या मोठ्या प्रयोगांनाही भोवलेला आहे आणि पावसाच्या घटीतून तो वेगळा काढावा लागतो. माझे टिपण मी फाडले नाही. वहीत पहिल्या पानावर चिकटवून ठेवले.

दुसऱ्या वर्षी पद्धत बदलली. एलएनबीवर छोटी पन्हळ लावली. प्रत्येक नोंदीत आधी भिंत, मग आकाश, मग पुन्हा भिंत असा क्रम ठेवला. म्हणजे डिकेंचीच युक्ती, विजेच्या कळीऐवजी हाताने. दुपारच्या उन्हात एलएनबी तापला की काटा सरकतो, हे त्यामुळे कळले. छत्री क्षितिजाकडे वाकवून थर मोजायचा प्रयत्न मात्र सोडून द्यावा लागला. छत्री समोरचे आकाश बघते तशी बाजूने शेजाऱ्यांचे पत्रेही बघते, आणि माझ्या साधनाला त्यांतला फरक कळत नाही. असे असूनही पाऊस कोसळताना आकाश भिंतीच्या बाजूला सरकते, हे मी पुसलेल्या एलएनबीनिशी आजही दाखवू शकतो. निष्कर्ष दोन महिन्यांपूर्वीच्यापेक्षा लहान होता, पण माझा होता.

कुजबुजीचा उपयोग

ज्या शोषणाने रडार निकामी केले, तेच शोषण हवामानशास्त्राचे साधन झाले. ऑक्सिजनचे प्रमाण ठरलेले असल्याने ६० गिगाहर्ट्झच्या डोंगराची चमक ही फक्त तापमानावर अवलंबून असते. डोंगराच्या माथ्यावर ऐकले तर उपग्रहाला वरच्या थरांचेच तापमान दिसते, कारण खालची चमक वाटेतच खाल्ली जाते. उतारावर ऐकले तर नजर खाली खाली जाते. अशा वारंवारता निवडून १९७८ पासून उपग्रह हवेचे थरवार तापमान घेत आले आहेत, तेही ढगांमधून. वाफेच्या रेषांवर ऐकले तर हवेत पाणी किती आणि कुठल्या उंचीवर, ते कळते.

यात आपलाही वाटा जुना आहे. १९७९ मध्ये सोडलेल्या भास्कर-१ या उपग्रहावर 'समीर' नावाचा रेडिओमीटर होता. तो १९ आणि २२ गिगाहर्ट्झवर समुद्रावरची वाफ मोजत असे. १९८१ च्या भास्कर-२ वर त्यात ३१ गिगाहर्ट्झची भर पडली. ऑक्टोबर २०११ मध्ये फ्रान्सबरोबर सोडलेल्या मेघा-ट्रॉपिक्सवर १८३ गिगाहर्ट्झच्या रेषेभोवती सहा वाहिन्यांनी वाफेचे थर मोजणारे उपकरण होते. तो उपग्रह मार्च २०२३ मध्ये नियंत्रित रीतीने समुद्रावर उतरवून नष्ट करण्यात आला. आणि वाईजवळ मांढरदेवच्या डोंगरावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ३५ गिगाहर्ट्झच्या खिडकीतून पाहणारे, साडेआठ मिलिमीटर लहरीचे ढगांचे रडार बसवले. बारीक थेंबांचे ढग त्याला दिसतात. पण जोराचा पाऊस त्याचीही लहर खातो, म्हणून सोबतीला तीन सेंटिमीटरचे रडार ठेवले गेले. ज्या आभाळाने माझा टीव्ही बंद पाडला, तेच आभाळ हे रडार वाचत होते.

शेजारचा आवाज

आता या गोष्टीतला काळजीचा भाग. वाफेसाठी उपग्रह ऐकतात तो २३.६ ते २४ गिगाहर्ट्झचा पट्टा जगभर राखीव आहे. तिथे कोणीही प्रक्षेपण करायचे नाही, फक्त ऐकायचे. त्याच्यापासून जेमतेम पाव गिगाहर्ट्झवर, २४.२५ गिगाहर्ट्झपासून, ५जी मोबाइलचा पट्टा सुरू होतो. भारतात २०२२ च्या लिलावात हा पट्टाही विक्रीला होता. कोणताही प्रक्षेपक आपल्या कुंपणाच्या आत पूर्णपणे राहत नाही. थोडी गळती शेजारी जातेच.

ती किती चालेल, यावर २०१९ मध्ये इजिप्तमधल्या शर्म-अल-शेख येथे झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेत मोठा वाद झाला. हवामान संघटनांना फार कडक मर्यादा हवी होती. ठरले ते असे : मनोऱ्याची गळती दर २०० मेगाहर्ट्झला सुमारे अर्ध्या मिलिवॅटपर्यंत चालेल आणि १ सप्टेंबर २०२७ नंतरच्या मनोऱ्यांसाठी ती साधारण चौथ्या हिश्श्यावर येईल. अर्धा मिलिवॅट ऐकायला काहीच नाही. पण उबदार हवेची जी कुजबुज उपग्रह तेवढ्याच पट्ट्यात ऐकतो, ती एका वॅटच्या लाख कोटीव्या भागाहूनही कमी असते. एका मनोऱ्याची गळती शेकडो किलोमीटर वर जाईपर्यंत विरून जाते, हे खरे. मात्र उपग्रह एका नजरेत अख्खा तालुका-जिल्हा पाहतो आणि त्या नजरेत येणाऱ्या सगळ्या मनोऱ्यांची बेरीज करतो.

सिग्नल अगदी मोठा झाला तर प्रश्न नाही. चुकीचा आकडा ओळखून फेकून देता येतो. भीती लहान गळतीची आहे. ती केल्विनच्या काही दशांशांनी चमक वाढवते, आणि उपग्रहाला ती वाढ वाफेसारखीच दिसते. मनोरा बोलतोय की वाफ, हे त्या एका आकड्यावरून कळायला मार्ग नाही. तो आकडा तसाच अंदाजाच्या गणितात शिरतो. समुद्रावरून येणारे बाष्प किती, यावर ज्या देशाची पेरणी आणि धरणांचे दरवाजे ठरतात, त्या देशाला ही चूक परवडणारी नाही.

मला यात माझीच गच्ची दिसते. टोपीवरचे पाणी आणि आभाळातले पाणी यांत माझ्या काट्याला फरक कळत नव्हता. मी वर जाऊन पंचाने पुसू शकलो, म्हणून चूक सापडली. आठशे किलोमीटर उंचीवरच्या उपकरणाचे तोंड पुसायला कोणी जाऊ शकत नाही. तिथे आधीच काळजी घ्यावी लागते, कुंपण आधीच नीट घालावे लागते. मोबाइलही हवा आणि पावसाचा अंदाजही हवा, हे दोन्ही जमू शकते. पण ऐकणाऱ्यासाठी शांतता राखणे हाही खर्चाचा एक भाग आहे, असे धरले तरच.

परवा तो डिशवाला मुलगा रस्त्यात भेटला. आता त्याचे स्वतःचे दुकान आहे. म्हणाला, "काका, अजून आभाळ मोजता का?" म्हटले, "मोजतो. पण आधी एलएनबी पुसतो."